आहेर सरांचा प्रश्नांचा तास

माझा मराठीचा वर्ग आणि आहेर सरांचा इंग्रजीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे मी काय शिकवते ते त्यांच्या मुलांना ऐकू जायचं आणि त्यांच्या वर्गात काय चाललंय ते माझ्या मुलांना. इकडून तिकडे कविता जायच्या. तिकडून इकडे कानाखाली वाजवल्याचे आवाज यायचे. मी फळ्यावर 'करुणरस' असं सुवाच्य अक्षरात लिहीत असायचे, तेवढ्यात पलीकडून खाडकन आवाज यायचा, मग जरा शांतता, मग सरांचं खणखणीत "नेक्स्ट!" माझी मुलं माना खाली घालून हसायची. माझ्या हातातला खडू मात्र मोडायचा. पहिलं वर्षभर मी असे किती खडू मोडले असतील कोण जाणे.

शाळा निफाडच्या अलीकडच्या एका गावात. मी राहायला नाशिकला, रोज निमाणी स्टँडवरून एसटी पकडून जायचे. आहेर सर मूळचे सटाण्याकडचे, पण नोकरी लागल्यापासून गावातच घर करून राहिलेले. उंची बेताची, छाती रुंद, अंगात पांढरा हाफ शर्ट, कॉलरच्या आत घडी घातलेला रुमाल आणि दाढेखाली कायम एक लवंग. राग आला की ती लवंग कटकन फुटायची आणि पहिल्या बाकापर्यंत तिचा वास जायचा. वास आला की मुलं पाठ ताठ करून बसायची.

हा माणूस जगाशी प्रश्नांतच बोलायचा, आणि तेही इंग्रजी. "डिड द बेल रिंग?" "डझ युवर सन ईट वेल?" एखाद्या शनिवारी नाशिकला यायचे ते माझ्याच गाडीने. दारात उभं राहून कंडक्टरला विचारायचे, "डझ धिस बस गो टू नाशिक?"

"सर, रोज जाती. बसा ना."

"नो, नो. से, येस, इट डझ."

गाडीतली सगळी माणसं खिडकीबाहेर बघायला लागायची आणि मी तर या गृहस्थाला ओळखतच नाही असा चेहरा करायचे. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "सर, तिकीट घ्या नाहीतर खाली उतरा." सर खूश. माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बघा मॅडम, वैतागला. म्हणजे प्रश्न पोचला."

प्रश्नांचं हे वेड कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले होते. घरून सगळी उत्तरं पाठ करून गेलेले. माय नेम इज, माय फादर इज, सगळं बिनचूक. शेवटी साहेब म्हणाला, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. सरांना पगार विचारायचा होता, राहायची सोय विचारायची होती. तोंड उघडलं आणि शब्द एकमेकांवर आपटायला लागले. कुठला आधी, कुठला नंतर, काही कळेना. साहेब हसला. बाहेर बसलेला शिपाईही हसला. "ते हसणं अजून कानात शे," सर म्हणाले. घरचं काही बोलायला लागले की त्यांच्या बोलण्यात सटाण्याची अहिराणी उतरायची. "उत्तर काय मॅडम, गुलाम बी देतो. प्रश्न मालक विचारतो. मन्हा एक बी पोरगा त्या खुर्चीसमोर मुका बसायला नको."

सरांचं व्याकरण म्हणजे सरळसरळ मारामारी. 'डिड' हा गल्लीतला दादा. साध्या वाक्यात 'वेन्ट', 'केम', 'ब्रोक' ही मंडळी भूतकाळाचा रुबाब करत फिरतात. पण प्रश्न विचारायचा म्हटलं की दादा पुढे येऊन उभा राहतो, भूतकाळ स्वतःच्या खिशात घालतो आणि मागच्याला मुकाट मूळ रूपात उभं राहावं लागतं. 'वेन्ट'चा 'गो', 'केम'चा 'कम'. 'डझ' हा दादाचा धाकटा भाऊ, तो नुसता शेपटाचा 'एस' हिसकावून घेतो. सर एका मुलाला 'डिड' करायचे, दुसऱ्याला टोपी घालून 'वेन्ट' करायचे, आणि पहिल्याला दुसऱ्याची गचांडी धरून टोपी काढायला लावायचे. "दादा पुढे उभा शे ना? मग तू कशाला टोपी घालून मिरवतोस?" मुलं हसून लोळायची. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात कायमची बसायची. मीही व्याकरण शिकवते. मला या माणसाचा हेवा वाटायचा, हे कबूल करायला मला काही कमीपणा नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं सांगताना मला अजून राग येतो.

शाळेत मुलांना हात लावायचा नाही असा नियम आला तेव्हा सरांनी स्वतःची छडी गुडघ्यावर मोडली आणि खिचडीच्या चुलीत घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी 'प्रश्नांचा तास' सुरू केला. मुलांनी समोरासमोर दोन रांगा करून उभं राहायचं. एकाने इंग्रजीत प्रश्न विचारायचा, समोरच्याने तो तपासायचा. प्रश्न बरोबर असेल तर पुढे जायचं. चुकला तर तपासणाऱ्याने विचारणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची. हलक्या हाताने मारली तर मारणाऱ्याला शेजारच्याकडून दोन. मारायला नकार दिला तर नकार देणाऱ्यालाच. त्या तासाला मराठीचा एक शब्दही काढायचा नाही. आणि तासाबाहेर त्यावरून भांडायचं नाही, वर्गातलं वर्गात.

मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. म्हटलं, "सर, हे काय चालवलंय? छडी मोडलीत त्याचं काय?"

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. खडूने पांढरे झालेले. "मी मारतो का? सांगा. एका तरी पोराला हात लावलाय?"

"त्यांना एकमेकांना मारायला लावता हे त्याहून वाईट आहे."

"मॅडम, मास्तरचा मार पोरगा विसरतो. बरोबरीच्याचा नाही विसरत."

"तेच तर म्हणतेय मी!"

"मी बी तेच म्हणतोय," सर शांतपणे म्हणाले आणि चहा बशीत ओतला. मी तणतणत मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, इंग्रजीचा निकाल बघता ना तुम्ही? पालकांची तक्रार आहे का?" नव्हती. एक पालक तर येऊन सांगून गेला होता की आमच्या गणेशला दोन जास्त पडू द्या.

सरांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. त्यांच्या गुरुजींनी लाकडी पट्टी उभी धरून मारली होती, हाड मोडलं, घरी सांगायची सोय नव्हती, तसंच जुळलं. सर ती करंगळी अभिमानाने दाखवायचे. "हे बोट वाकडं शे ना, हे माझं एम.ए." मी विचारलं, हे सगळं सहन करून तुम्हाला त्या गुरुजींचा राग नाही आला? त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "आला. पण तवर ते वारले होते."

एकदा भिंतीपलीकडून नेहमीच्या आवाजापाठोपाठ बाक कोसळल्याचा आवाज आला. मी धावत गेले. एका मुलाने इतक्या जोरात मारली होती की समोरचा बाकावर आपटून त्याच्या नाकाचा घोळणा फुटला होता. शर्टावर रक्त, फरशीवर रक्त. सरांनी कॉलरमधला रुमाल काढला, त्याचं नाक दाबून धरलं, डोक्यावर पाणी मारलं, सगळं एखाद्या आईने करावं तसं. मला वाटलं, आता तरी डोळे उघडले. तर रक्त थांबायच्या आत त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "नाऊ आस्क अगेन." तो पोरगा रुमालातून म्हणाला, "डिड ही ब्रेक द पॉट?" बरोबर होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि तो रक्ताळलेल्या तोंडाने हसला. मला त्याच्या हसण्याचाच जास्त संताप आला.

आणि हेच सर रोज संध्याकाळी कच्च्या मुलांना घरी बोलावून फुकट शिकवायचे. तिथे कुणी कुणाला बोटही लावत नसे. कारण त्यांच्या मंडळींनी, सुमनताईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शाळेत काय करायचं ते करा. माझ्या ओट्यावर पोरांवर हात उठला तर तुमची भाकरी बंद." सर त्यांना वचकून असत. ओट्यावर मुलं शेंगा खात इंग्रजी शिकायची आणि गंमत म्हणजे तिथेही त्यांना ते येतच होतं. मी हे सरांना दाखवून दिलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

दहावीच्या त्या वर्गात अश्विनी नावाची मुलगी होती. वडील सुदामभाऊ, मेथी-कोथिंबीर पिकवून नाशिकच्या बाजारात नेणारे. शाळेत येण्याआधी ही जुड्या बांधायची, म्हणून हात कायम हिरवट आणि खरखरीत. अंगाने किरकोळ, पण प्रश्न विचारायला लागली की थांबायची नाही. सरांचा तिच्यावर भारी जीव. "ही पोरगी कलेक्टरला उभं करून विचारेल," म्हणायचे. तिला कुणाची एकही चापट खावी लागलेली नव्हती. आधी मुली मुलींसमोर आणि मुलं मुलांसमोर उभी राहायची. पण मुलींत तिच्या जोडीचं कुणी उरलं नाही तेव्हा सरांनी तिला मुलांच्या रांगेसमोर उभं केलं. गावात थोडी कुजबुज झाली. निकाल चांगला होता, म्हणून ती तेवढ्यावरच राहिली.

द्राक्षांचे मणी फुगायला लागले होते, म्हणजे परीक्षा जवळ आली होती. त्या दिवशी तिच्यासमोर ऋषिकेश आला. बाजूच्या वस्तीवरच्या मोठ्या बागायतदाराचा धाकटा मुलगा. वर्षाच्या मधेच आमच्या शाळेत आलेला, स्वभावाने गरीब, इंग्रजीत त्याहून गरीब. त्याने विचारलं, "डिड युवर फादर केम येस्टरडे?" चुकलं. सर्वांना कळलं. सर म्हणाले, "हिट हिम."

अश्विनीचा हात हलेना. "सर, नो," ती म्हणाली.

"व्हाय?"

झालं होतं असं, की चारच दिवसांपूर्वी तिच्या मोठ्या बहिणीची, कोमलची, सुपारी फुटली होती, आणि मुलगा होता ऋषिकेशचा थोरला भाऊ. सुदामभाऊंच्या घरासाठी हे स्थळ म्हणजे फार मोठी गोष्ट. होणाऱ्या सोयऱ्याच्या मुलाच्या तोंडावर हात कसा टाकायचा? पण हे सांगायचं कसं? त्या तासाला मराठी बंद. सुपारी फुटली हे इंग्रजीत कसं म्हणतात हे तिला सरांनी शिकवलेलं नव्हतं, आणि ते सरांनाही आलं नसतं. वर्गातल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नाही, सगळ्यांना पुढे काय होतं ते पाहायचं होतं. इतकी वर्षं त्या गावात राहून सरांना मात्र कुणाची सोयरीक कुणाकडे याचा पत्ता नसायचा.

"व्हाय? इज ही युवर ब्रदर?" सर म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला. लवंग फुटली. भिंतीपलीकडून मला सरांचा चढलेला आवाज ऐकू आला, "हिट हिम!" आणि मग तो आवाज. अश्विनी अर्धवट काही करायची नाही. तिने मारली ती पूर्ण मारली.

संध्याकाळी पन्नास मुलं पन्नास घरी गेली. गावाला तेवढं पुष्कळ झालं. रात्री ऋषिकेशच्या वडिलांचा, नानांचा, सुदामभाऊंना फोन आला. ज्यांच्या पोरी पुरुषावर हात टाकतात त्या घरात आम्हाला सोयरीक करायची नाही. आधी पोरगी आवरा, मग तोंड दाखवा. दुसऱ्या दिवशी अश्विनी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सर मला म्हणाले, "मॅडम, चला माझ्याबरोबर. घरात बाया असतील, तुम्ही असलेल्या बऱ्या." आम्ही गेलो. अंगणात मेथीचा ढीग, त्याच्याशेजारी ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचा एक हातभर तुकडा पडलेला. सुदामभाऊंनी मला खुर्ची दिली. सरांना दिली नाही. सर उभेच राहिले.

"सुदामभाऊ, पोरीला शाळेत पाठवा. परीक्षा तोंडावर आलीय."

"पाठवतो की. कोमलचं लगीन तुम्ही लावून देता का?"

"अश्विनीची चूक नाही. मी सांगितलं म्हणून तिनं मारलं."

"तेच म्हणतो मी," सुदामभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "तुम्ही सांगितलं म्हणून तिनं मारलं. नाना बोलले म्हणून म्या मारलं. मला तरी कुठं हौस हाय पोरीला मारायची? आता शाळा बास झाली. तिचं नाय काय, पण थोरलीचं तरी नीट होऊ द्या."

अश्विनी पाणी घेऊन आली. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या, पण तांब्या पुढे करताना उजवी बाही सरकली आणि हातावर नळीचे काळेनिळे वळ दिसले. मनगटापासून वर कोपराकडे गेलेले. सर त्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "डिड ही बीट यू?"

मला वाटलं, या माणसाला इथल्या इथे ढकलून द्यावं. हे काय विचारायचं असतं? आणि हे काय इंग्रजी बोलायचं ठिकाण आहे?

अश्विनीने मान वर केली. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "व्हाय डिड यू टेल मी टू हिट हिम?"

सरांनी कॉलरमधला रुमाल उगाच चाचपला.

"आय सेड नो. व्हाय डिड यू टेल मी?"

कोमल दाराआड उभी राहून रडत होती. सुदामभाऊंनी विचारलं, "काय म्हणती ती?"

"बरोबर म्हणते," सर म्हणाले. त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि न पिता तसाच खाली ठेवला. रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, सर, तिला उत्तर द्यायला हवं होतं. ते म्हणाले, "असतं तर दिलं नसतं का मॅडम?" आणि गाडीला उगाच किक मारत बसले. गाडी आधीच चालू होती.

त्याच संध्याकाळी ते नानांच्या मळ्यात गेले. तिथे काय झालं ते मला पुढे ऋषिकेशने सांगितलं. नाना म्हणाले, सगळ्या वर्गासमोर पोरीने माझ्या पोराच्या पाया पडावं, मग बघू. सर म्हणाले, ते होणार नाही. हात तिचा होता, चापट माझी होती. नाना म्हणाले, मग तुमच्या तोंडावर बसली पाहिजे, त्याच जागेवर, सगळ्यांदेखत. सर म्हणाले, बसू द्या. फक्त एक शब्द द्या. त्यानंतर लग्नही होईल आणि पोरगी शाळेतही येईल. नानांनी शब्द दिला. बाहेर नळीचं पाणी चालू होतं आणि ऋषिकेश ते बंद करायचं विसरून दारात उभा होता.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, मुलगी आहे, एक बाई असलेली बरी म्हणून. वर्गात मुलं भिंतीला चिकटून उभी. दारापाशी सुदामभाऊ आणि त्यांच्यामागे अश्विनी. नाना पांढऱ्या कपड्यांत, बोटात पोवळ्याची जाड अंगठी. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि रांगेत ऋषिकेशसमोर जाऊन उभे राहिले.

"ऋषिकेश, त्या दिवशी तुला जी बसली ती माझी होती. वाजव."

पोरगा डोळे पुसत मागे सरला. "नाय सर."

"वाजव."

"नाय मारणार. तुम्हाला नाय मारणार."

"मार रे!" नाना ओरडले. "रडतो काय बायकांसारखा? मार!"

ऋषिकेशने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान हलवत राहिला. नाना दोन ढांगांत पुढे आले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर अशी ठेवून दिली की पोरगा बाकावर जाऊन पडला. ओठ फाटला. त्यांनी कॉलर धरून त्याला उठवलं आणि पुन्हा हात उगारला. मी ओरडले. मुख्याध्यापक फळ्याकडे बघत होते. सर मधे शिरले, एका हाताने ऋषिकेशला आपल्या पाठीमागे ढकललं, आणि नानांचा दुसरा हात, अंगठीसकट, सरांच्या डाव्या कानावर बसला.

इतकी वर्षं मी तो आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता. समोर बघितल्यावर कळलं, त्यात आवाज फार थोडा असतो. माणसाचं डोकं एका बाजूला जातं, डोळे क्षणभर कुठेच बघत नाहीत. सर एका गुडघ्यावर आले. कानातून रक्ताची बारीक धार निघून मानेवरून पांढऱ्या शर्टात शिरली. एक मुलगी किंचाळली. नाना स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. एवढं लागेल असं त्यांनाही वाटलं नसावं.

सर टेबलाला धरून उठले. "झालं का नाना?"

"झालं," नाना म्हणाले. आवाज एकदम बसला होता. "मिटलं."

सर दाराकडे वळले. "सुदामभाऊ, तुमचं?"

"उद्यापासून पाठवतो," सुदामभाऊ म्हणाले.

मग सर वर्गाकडे वळले. "आजपासून इथं कुणी कुणाला मारायचं नाही," ते म्हणाले. ते जरुरीपेक्षा फार मोठ्याने बोलत होते, आणि ते त्यांना कळत नव्हतं.

मी आणि सुमनताई त्यांना नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पडदा फाटला होता, आतही इजा झाली होती. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही, डॉक्टर म्हणाले. सुमनताई सगळा वेळ त्यांचा हात धरून बसल्या होत्या, त्या वाकड्या करंगळीसकट. मी पोलिसात जायचं म्हणून हटून बसले. चांगली भांडले. सर म्हणाले, "केस झाली की सोयरीक मोडली. सोयरीक मोडली की पोरीची शाळा सुटली. मग हा कान फुकट गेला ना मॅडम?" पण मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ज्याने मारलं त्याला काही झालं नाही, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

प्रश्नांचा तास बंद झाला. सर खुर्चीत बसून शिकवायचे, मुलं लिहून घ्यायची. पुढच्या सराव चाचणीत गुण उतरले तेव्हा मुख्याध्यापक येऊन म्हणाले, सर, जरा पूर्वीसारखं काहीतरी करा ना. सरांनी डावा कान त्यांच्या पुढे केला आणि ते बोलून दमेपर्यंत मान हलवत राहिले. मी तोंडाला पदर लावून हसले.

अश्विनी दुसऱ्याच दिवसापासून येत होती. पहिल्या बाकावर बसायची, विचारलं की उत्तर द्यायची, सगळी उत्तरं बरोबर. पण त्या वर्गात तिने नंतर एकही प्रश्न विचारला नाही. सर धडा संपवून म्हणायचे, "एनी क्वेश्चन्स?" आणि तिच्याकडे बघत थांबायचे. ती वही आवरायची. हा मार सरांना कानावरच्या मारापेक्षा जास्त लागत होता, हे मला दिसत होतं.

ती परीक्षेला बसली, उत्तम गुणांनी पास झाली, आणि नाशिकच्या कॉलेजात तिचा प्रवेशही ठरला. कोमलचं लग्न उन्हाळ्यात निफाड रस्त्यावरच्या एका लॉन्सवर लागलं. आम्हा सगळ्या शिक्षकांना आमंत्रण होतं. माइकवरून सत्काराची नावं पुकारली जात होती, आमदारांचे कोणी, बाजार समितीचे कोणी, आणि मग, गुरुवर्य आहेर सर. फेटा बांधायला नाना स्वतः पुढे आले. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. नानांचा हात सरांच्या डाव्या कानापाशी आला तेव्हा थांबला, मग त्यांनी फेट्याचा पदर कानावरून हलकेच वर घेतला, दुखेल अशा भीतीने. फोटो काढणाऱ्याने सांगितलं तेव्हा दोघे हसले.

सर खाली उतरून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बँड जोरात होता. तेवढ्यात नव्या साडीत अश्विनी आली. तिला बघताच सर गडबडले. "अश्विनी, तू त्या दिवशी विचारलं होतंस," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं त्यांना सुचेना. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. त्यांच्याकडे न बघता, मांडवाकडे बघत, ती अगदी स्पष्ट म्हणाली, "मी तुम्हाला माफ नाय केलेलं, सर."

"हां?" सर म्हणाले. "काय म्हणालीस?"

ती त्यांच्या पाठीमागून फिरून उजव्या बाजूला आली. कानाशी वाकली. "पंगत बसतीय, सर. जेवून जा," म्हणाली.

सरांचा चेहरा उजळला. "हो, हो, जेवतो ना, जेवतो," म्हणत ते पंगतीकडे निघाले. ती पुढे जाऊन त्यांच्यासाठी पत्रावळ मांडत होती. मी दोन्ही वाक्यं ऐकली होती. मी सरांना काही सांगितलं नाही.